दीड लाखाची लेन्स आणि डावा कोपरा

रायगड जिल्ह्यातल्या एका पंचविशीतल्या वाचकाचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं:

‘माझी धाकटी बहीण आमच्या मंडळाच्या महिला कबड्डी संघात डावा कोपरा, म्हणजे बचावातली डाव्या टोकाची जागा, खेळते. मी दिवसा कारखान्याच्या ऑफिसात असतो आणि सुटीच्या दिवशी, रात्री तिच्या सामन्यांचे फोटो काढतो. गेल्या वर्षी सेकंडहँड डीएसएलआर घेतला. त्याच्यासोबत १८-५५ आणि ५५-२५० मिलिमीटरच्या अशा दोन लेन्स मिळाल्या. डायलवरचं पळत्या माणसाचं चित्र लावून फोटो काढतो, कधी कॅमेऱ्याचा फ्लॅश उघडतो. दिवसाचे फोटो बरे येतात. पण आमच्याकडे महत्त्वाचे सामने रात्रीच होतात आणि ते सगळे फोटो हललेले, काळपट, एक पिवळा तर दुसरा हिरवट. मंडळ बॅनरसाठी फोटो मागतं तेव्हा मान खाली घालावी लागते. बहीण म्हणते, दादा, तुझ्या फोटोत मी नसतेच, माझी पाठ असते. ओळखीचे एक फोटोग्राफर म्हणाले, ७०-२०० एफ/२.८ ही मोठी लेन्स घेतल्याशिवाय खेळाचे फोटो येतच नाहीत. दीड लाखाला मिळतेय, हप्त्याने. घेऊ का? मी लहान आहे, मला अरे-तुरेच करा.’

प्रिय मित्रा,

हप्त्याच्या कागदावर सही करू नकोस. ती लेन्स उत्तमच आहे, वर्षानुवर्षं मी तीच वापरते. पण ज्या अडचणी तू लिहिल्या आहेस त्यातली बहिणीच्या पाठीची अडचण कुठलीच लेन्स सोडवणार नाही, आणि अंधाराची अडचण त्या किमतीच्या एका छोट्या हिश्श्यात सुटते. आधी पाठीचं बोलू, कारण पत्रातलं तेच वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

२५ मे १९६५ ला अमेरिकेतल्या लुइस्टन गावात मुहम्मद अली आणि सनी लिस्टन यांची मुष्टियुद्धाची लढत झाली आणि पहिल्याच फेरीत संपली. लिस्टन आडवा पडलाय आणि अली त्याच्यावर उभा राहून ओरडतोय, हा रंगीत फोटो तू कुठे ना कुठे पाहिला असशील. तो काढणारा नील लायफर तेव्हा २२ वर्षांचा होता. पुन्हा बघशील तेव्हा अलीच्या पायांमधून पलीकडे बघ. तिथे कॅमेरा घेतलेला एक माणूस दिसतो. तो हर्ब शार्फमन, लायफरपेक्षा वयाने आणि अनुभवाने मोठा, लायफरच्याच नियतकालिकासाठी काम करणारा. त्या क्षणी त्याच्या समोर अलीची पाठ होती. उपकरणात तो कमी नव्हता, कलेतही नव्हता. फक्त तो रिंगच्या दुसऱ्या बाजूला बसला होता.

मुष्टियुद्धात कोण कुठे पडेल हे आधी सांगता येत नाही. कबड्डीत मात्र ते बऱ्याच अंशी सांगता येतं, आणि तू त्या खेळात वाढलेला आहेस. तुझा विचार इथून सुरू व्हायला हवा.

तू आत्ता कुठे बसतोस ते लिहिलेलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की बाजूच्या रेषेवर, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेत, खुर्चीवर. तिथून चढाई आडवी दिसते, मध्ये पंच येतात आणि मागे गुणलेखकाचं टेबल, पाण्याच्या बाटल्या, प्लास्टिकच्या खुर्च्या. तिथून उठ आणि अंतिम रेषेच्या मागे, कोपऱ्याला जमिनीवर बस. आयोजकांना आणि पंचांना आधी विचार. कोपऱ्यावरचे पंच कुठे उभे राहतात आणि बाद झालेल्या खेळाडूंची बसायची जागा कुठे आखली आहे, ते बघून त्यांच्या आड न येता बस. रेषेपासून दोन मीटर तरी मागे. पकडीत चार-पाच जणी एकमेकींवर पडत रेषेबाहेर येतात. तेव्हा तुझी बॅग, ट्रायपॉड, बाटली काहीही त्यांच्या वाटेत नको. तुझ्या लेन्सवर कुणाचा गुडघा आपटला तर लेन्स दुरुस्त होते, गुडघ्याचं सांगता येत नाही.

त्या जागेवरून काय दिसतं बघ. तुझ्याकडच्या अंगणात, म्हणजे मैदानाच्या अर्ध्या भागात, समोरची खेळाडू चढाईला आली की तिचा चेहरा थेट तुझ्याकडे असतो. आणि तुझ्याकडच्या संघाची खेळाडू पलीकडे चढाईला गेली तर जाताना पाठ दिसेल, पण परतताना? ती गडी मारून वळते, मागून कुणीतरी कंबर धरतं, कुणी घोटा, आणि ती मध्यरेषेकडे हात लांब करून झेपावते. ती मध्यरेषा तुझ्या दिशेला आहे. म्हणजे ताणलेली बोटं, दम टिकवणारे ओठ, मागे लोंबकळणारा अख्खा बचाव, सगळं तुझ्याकडे येतं. माझ्या मते कबड्डीतला सगळ्यात मोठा फोटो हाच. गावोगावच्या मैदानांवर चार खांबांचे दिवे असतात आणि बहुतेक वेळा मध्यभागी उजेड त्यातल्या त्यात जास्त असतो, त्यामुळे हा क्षण बऱ्या प्रकाशातही पडतो.

आता तुझी बहीण. ती डावा कोपरा. म्हणजे तिचा संघ तुझ्याकडच्या अंगणात बचाव करत असेल, तेव्हा तू तिच्या मागच्या डाव्या कोपऱ्याला बसलास तर पाठच मिळणार. उजव्या कोपऱ्यामागे बस. ती सतत आतल्या बाजूला, चढाईपटूकडे बघत असते, त्यामुळे तिथून तिचा चेहरा निदान बाजूने दिसतो. चढाईपटू उजवीकडे खोल शिरली की ती आणखी वळते आणि जवळजवळ समोरून दिसते. घोट्याला सूर मारते तो क्षण त्याच्या लगेच पुढचा. मध्यंतरानंतर संघ अंगण बदलतात, तू जागा बदलू नकोस. उत्तरार्धात ती पलीकडे उभी राहील, तुझ्याकडे तोंड करून. चेहरा पूर्ण दिसेल, फक्त लांब असेल.

खाली बसण्याबद्दल एक गोष्ट आग्रहाने. खुर्चीवरून किंवा उभं राहून काढलेल्या कबड्डीच्या फोटोत डोक्यांचे वरचे भाग येतात. हे खेळाडू वाकून खेळतात. त्यांच्या डोळ्यांच्या पातळीला यायचं तर मांडी घालून बसावं लागतं, कॅमेरा छातीच्याही खाली न्यावा लागतो. मातीत बसल्यावर पँट खराब होईल, होऊ दे.

आता प्रकाश. फ्लॅश आजपासून बंद. कॅमेऱ्यावरचा छोटा फ्लॅश चार-पाच मीटरच्या पलीकडे फारसा पोचत नाही. पुढच्या माणसाचं डोकं उजळतं आणि मैदान काळं राहतं. शिवाय दम धरून चाललेल्या मुलीच्या डोळ्यांवर तो उडवणं हा खेळातला अडथळा आहे. डायलवरचं पळत्या माणसाचं चित्रही सोड, कारण त्यात कॅमेरा अंधार बघून शटर हळू करतो आणि तुला विचारत नाही. डायल ‘एम’वर, म्हणजे मॅन्युअलवर ने. शटर, म्हणजे प्रकाश किती वेळ आत येतो, ते तू ठरव. छिद्र, म्हणजे लेन्स किती उघडते, तेही तू ठरव.

हिशेब असा आहे. खेळाडू सेकंदाला सहा मीटर वेगाने निघाली तर १/६० सेकंदात ती दहा सेंटिमीटर सरकते. फोटोत ती दहा सेंटिमीटर पुसली जाते, तेच तुझे हललेले फोटो. १/८०० ला हेच सरकणं पाऊण सेंटिमीटरवर येतं. रात्रीच्या कबड्डीला १/५०० च्या खाली जाऊ नकोस, जमलं तर १/८०० ठेव. पण तुझी ५५-२५० लांबच्या टोकाला एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला दाद देण्याची क्षमता, ६४०० वर नेऊनही तुला १/१०० च्या आसपासच शटर मिळत असणार. इथे कॅमेरा वाईट नाही, तूही वाईट नाहीस. उजेड आत यायला दार लहान आहे.

दार मोठं करायला ५० मिलिमीटरची एफ/१.८ लेन्स घे. जवळजवळ प्रत्येक कंपनीची ही लेन्स तिच्या स्वस्तातल्या लेन्समध्ये मोडते. मुंबईला जाणं होत असेल तर फोर्टात, बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. स्वतःचा कॅमेरा घेऊन जा, लावून बघ, तुझ्या कॅमेऱ्यावर ऑटोफोकस चालतो ना याची खात्री करूनच पैसे दे. काही जुन्या लेन्स स्वस्त दिसतात पण साध्या कॅमेऱ्यावर त्यांचा फोकस हाताने फिरवावा लागतो. ही लेन्स एफ/२ वर वापरलीस तर एफ/५.६ च्या जवळजवळ आठपट प्रकाश येतो. म्हणजे जिथे १/१०० मिळत होतं तिथे १/८००, त्याच आयएसओला.

‘पण ५० म्हणजे जवळची लेन्स, खेळाला लांबची लागते ना?’ हा प्रश्न तुझ्या मनात आला असेल, कारण त्या फोटोग्राफरनेही तेच गृहीत धरलं. क्रिकेटला लागते, फुटबॉलला लागते. कबड्डीचं मैदान पुरुषांचंसुद्धा १३ मीटर बाय १० मीटर, महिलांचं त्याहून लहान. अंतिम रेषेच्या दोन मीटर मागे बसलास तर मध्यरेषा तुझ्यापासून आठ-साडेआठ मीटरवर. तुझ्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५० च्या लेन्समध्ये त्या अंतरावरचं पावणेचार मीटर रुंदीचं चित्र मावतं: चढाईपटू, तिला धरणाऱ्या तिघी-चौघी आणि पायाखालची रेषा. आणखी काय हवं? एफ/२ ला त्या अंतरावर साधारण दोन मीटर खोली स्पष्ट येते, त्यामुळे सगळी झटापट आत बसते. तुझा खेळ लहान मैदानाचा आहे, हे तुझं भाग्य आहे. या खेळाला जवळ जाता येतं.

आयएसओ ३२००, ६४०० लावताना घाबरू नकोस. दाणे दिसतील. बॅनर लोक दहा फुटांवरून बघतात, तिथे दाणे कुणाला दिसत नाहीत, हललेला चेहरा मात्र रस्त्यापलीकडूनही कळतो.

एक पिवळा, एक हिरवट हे का होतं तेही सांगते, कारण यात तुझी चूक अजिबात नाही. आपली वीज ५० हर्ट्झची. त्यावर चालणारे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण १/८०० च्या शटरला त्या लाटेचा एक छोटा तुकडाच मिळतो, कधी तेज, कधी मंद, आणि त्याबरोबर रंगही बदलतो. तुझ्या मेनूमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ असा पर्याय आहे का शोध. असेल तर चालू कर, कॅमेरा तेज क्षणाची वाट पाहून शटर उघडतो. नसेल तर एकाऐवजी तीन-चार फोटोंची सलग झोड काढ, त्यात एखादा चांगल्या उजेडात सापडतो. लाइटवाल्याशी ओळख करून घे. खांबांवरचे दिवे वेगवेगळ्या फेजवर जोडलेले असले तर एकाची मंद लाट दुसऱ्याच्या तेज लाटेने भरून निघते. तीन फेजची जोडणी असलेल्या मैदानावर हे त्याला करता येतं, आणि मी पाहिलंय की नीट समजावून सांगितलं तर ते आनंदाने करतात. रंगासाठी सामन्याआधी पंचांच्या पांढऱ्या शर्टवरून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला सांगणारी सेटिंग, स्वतः सेट कर. ‘ऑटो’वर सोडू नकोस.

फोकस सतत चालू राहणाऱ्या प्रकारावर ठेव. कॅननवर त्याला एआय सर्व्हो म्हणतात, निकॉनवर एएफ-सी. फोकसचा एकच बिंदू निवड, मधला. साध्या डीएसएलआरमध्ये कमी उजेडात तोच भरवशाचा असतो. तो खेळाडूच्या छातीवरच्या नंबरवर धर. चेहऱ्यावर धरायला जाशील तर मध्ये येणारा प्रत्येक हात फोकस पळवेल.

एवढं झालं की कॅमेऱ्याचं बोलणं संपलं. यापुढे तुला जे येतं ते माझ्यासारख्या शहरातून येणाऱ्या फोटोग्राफरला वर्षं घालवून शिकावं लागलं. मी सुरुवात केली तेव्हा रोलमध्ये ३६ फोटो असायचे आणि ऑफिसातून एका सामन्याला एकच रोल मिळायचा. चाळीस मिनिटांचा सामना, ३६ फोटो. म्हणून मी प्रभादेवी-लालबागच्या मैदानांवर म्हाताऱ्या खेळाडूंच्या शेजारी बसून त्यांना विचारत बसायचे, आता काय होणार? ते सांगायचे आणि बहुतेक वेळा तेच व्हायचं. तुला ते विचारावं लागणार नाही.

समोर सहा किंवा सात जणी उभ्या आहेत? मग बोनस, म्हणजे रेषा ओलांडल्याचा जादा गुण, मिळू शकतो. चढाईपटूचा पाय बोनस रेषेपलीकडे जाणार आणि मागचा पाय हवेत राहणार. कॅमेरा खाली ने, पाय आणि रेषा दोन्ही धर. सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या? तिसरीत गुण घ्यावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. ती या वेळी खोल शिरणार. तेव्हा चष्मा पुसत बसू नकोस. अंगणात तिघीच उरल्यात? पकड जमली तर ती अव्वल पकड, दोन गुण. त्या तिघी जिवावर उदार होऊन जातात आणि तो आनंदही वेगळा असतो. कोपऱ्याने आणि शेजारणीने हात धरून साखळी केली, कोपऱ्याचा गुडघा किंचित वाकला, टाच उचलली, की ती निघणार. तू टाच पाहून बटण दाब. साधा कॅमेरा सेकंदाला पाचच्या आसपास फोटो काढतो, दोन फोटोंमध्ये पाव सेकंदाच्या जवळपास वेळ जातो, आणि घोटा पकडण्याचा क्षण तेवढ्यात होऊन जातो. झालेलं पाहून बटण दाबलंस तर उशीर झालेला असतो.

सराव असा कर: संध्याकाळच्या सरावाला जा आणि एक अख्खा अर्धा तास फक्त एका खेळाडूवर कॅमेरा धर. चढाईपटूवर नाही, कोपऱ्यावर. बोनस होऊ दे, गडी बाद होऊ दे, तू हलू नकोस. बहुतेक फोटो नुसत्या उभ्या मुलीचे येतील. पण ती कधी निघते हे तुझ्या बोटाला कळायला लागेल. तुझी बहीण आजवर फोटोत का नाही, याचं खरं कारण हेच वाटतं मला: सगळे कॅमेरे चढाईच्या मागे धावतात, तुझाही धावत होता.

फोटो काढल्याबरोबर मागच्या पडद्यावर बघण्याची सवय सोड. एका अंतिम सामन्यात, शेवटच्या मिनिटाला, मी आधीच्या चढाईचा फोटो नीट आलाय का ते बघत होते. मैदानात ओरडा उठला तेव्हा मान वर केली. विजयी चढाई संपली होती. तो आधीचा फोटो चांगला होता, पण तो छापायला कुणालाच नको होता. ते मला अजूनही लागतं. पडदा मध्यंतरात बघ.

आणि फोटो कापताना रेषा कापू नकोस. कबड्डीला चेंडू नाही, गोल नाही. गुण मिळाला की गडी बाद झाला, हे फक्त रेषा सांगते. बोटांच्या टोकापासून मध्यरेषा चार इंचांवर आहे, हे दिसतं तेव्हा बघणारा श्वास रोखतो. रेषा कापलीस तर उरते ती मारामारी.

तुझी ५५-२५० विकू नकोस. दुपारचे साखळी सामने, सकाळचा सराव यांना ती छान आहे. ऊन खेळाडूंच्या चेहऱ्यावर पडेल अशी बाजू घे. उत्तरार्धात पलीकडे उभ्या असलेल्या तुझ्या बहिणीचा चेहरा दिवसाउजेडी या लेन्सने जवळ येईल. ७०-२०० ची ओढ फारच असेल तर पुण्या-मुंबईत ती दिवसाच्या भाड्याने मिळते. एखाद्या मोठ्या अंतिम सामन्याला आणून बघ, आधी भाडं आणि अनामत विचारून घे. वर्षभर काम करून, फोटोंचे पैसे मिळायला लागल्यावरही ती हवीशी वाटली तर तेव्हा घे, हप्त्याशिवाय.

एक शेवटची गोष्ट, आणि ती मला बाई म्हणून सांगाविशी वाटते. झटापटीत जर्सी वर सरकते, कपडे ओढले जातात, कोन चमत्कारिक येतात. असे फोटो कितीही थरारक असले तरी त्याच रात्री पुसून टाक, कार्डावरही ठेवू नकोस. मैदानात आहे म्हणून तिचं शरीर सगळ्यांचं झालेलं नसतं. संघातल्या ज्या मुली अठराच्या आतल्या आहेत त्यांचे फोटो फिरवण्याआधी घरच्यांना विचार. हरल्यावर रडणाऱ्या मुलीचा फोटो काढ, तोही खेळच आहे, पण दुसऱ्या दिवशी तिला दाखव आणि ती हो म्हणाली तरच पुढे पाठव. सामना संपला की सगळे फोटो आधी संघाला दाखवायचे, असा नियमच करून टाक. बॅनरवर कोणता जावा ते त्याच ठरवतील. बहिणीने घोटा धरलेला आणि मध्यरेषा दिसणारा एखादा निघाला, तर त्याची एक प्रत मला नक्की पाठव.